जमीनदार चांगला असून भागत नाही

स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला, सदरलँड परगण्यात, गोल्स्पी नावाचं समुद्रकाठचं गाव आहे. गावामागच्या बेन व्रॅगी डोंगराच्या माथ्यावर पहिल्या ड्यूक ऑफ सदरलँडचं स्मारक आहे. चबुतऱ्यासकट उंची साधारण १०० फूट, त्यामुळे ते खूप लांबून दिसतं. ड्यूक १८३३ साली वारला आणि पुढच्या चार-पाच वर्षांत कुळांच्या आणि स्नेह्यांच्या वर्गणीतून ते उभं राहिलं. प्रेमळ, उदार मालकाचं कृतज्ञ कुळांनी केलेलं स्मरण, अशा अर्थाचा मजकूर त्यावर कोरलेला आहे. याच मालकाच्या हुकमाने ज्यांचे हजारो भाऊबंद घराबाहेर काढले गेले, ती ही कुळं. मालकाच्या नावाने वर्गणी मागितली जाते तेव्हा किती कुळांना नाही म्हणता येतं, हे खोताच्या अमलाखाली पिढ्या काढलेल्या कोकणातल्या घरांना समजावून सांगायला नको.

पुतळा पाडावा की राहू द्यावा, हा वाद तिथे अधूनमधून पेटतो. पुतळा ढासळवायचे प्रयत्नही झालेले आहेत. माझ्या मते तो राहावा. पण माझा खरा आक्षेप त्या वादाच्या रोखावर आहे. ड्यूक क्रूर होता की काळाच्या पुढे बघणारा होता, याभोवतीच सगळी चर्चा फिरते. मालकाच्या स्वभावाची चिकित्सा केली की मालकीचा प्रश्न सुटला, असं आपण धरून चालतो. स्कॉटलंडमध्ये दोनशे वर्षं हेच होत आलं आहे आणि आजही खासगी ग्रामीण जमिनीपैकी निम्मी जमीन साडेचारशेपेक्षा कमी मालकांच्या हातात आहे.

सदरलँडची इस्टेट मुळात ड्यूकची नव्हतीच, त्याच्या बायकोची होती. एलिझाबेथ गॉर्डनचा जन्म १७६५चा. पुढच्याच वर्षी आई-वडील दोघंही बाथ शहरात वारले आणि जेमतेम वर्षाची ही मुलगी काउंटेस ऑफ सदरलँड झाली. किताबावर दुसऱ्यांनी दावा केला, खटला लॉर्ड्सच्या सभागृहात गेला आणि १७७१ साली निकाल तिच्या बाजूने लागला. म्हणजे लाखो एकर जमीन आणि त्यावर राहणाऱ्या हजारो माणसांचं भवितव्य पाच-सहा वर्षांच्या मुलीच्या नावावर कायम झालं. त्या माणसांपैकी कोणालाही कोणी काही विचारलं नाही. १७८५ मध्ये तिचं लग्न जॉर्ज लेव्हसन-गोवर याच्याशी झालं. १८०३ साली त्याला ब्रिजवॉटर कालव्याचं प्रचंड उत्पन्न वारशात मिळालं आणि तो ब्रिटनमधल्या सर्वांत श्रीमंत माणसांत गणला जाऊ लागला. ड्यूक हा किताब त्याला मिळाला तो अगदी शेवटी, मरणाआधी काही महिने.

हा पैसा त्यांनी नुसता चैनीत उडवला असता तर कदाचित बरं झालं असतं. दोघांनाही सदरलँड सुधारायचं होतं. आतल्या दऱ्याखोऱ्यांत लोक ओट आणि बार्ली पिकवत, काळी गुरं पाळत. वाईट साल आलं की उपासमार व्हायची, आणि मालकाला बाहेरून धान्य आणून वाटावं लागायचं. यावर लंडनमध्ये बसून उपाय निघाला. दऱ्यांमध्ये चेव्हियट मेंढ्या पाळायच्या, त्या मोठ्या भाडेकरूंकडे सोपवायच्या आणि माणसं किनाऱ्यावर हलवायची. तिथे प्रत्येक घराला जमिनीचा लहानसा तुकडा द्यायचा. तो मुद्दामच इतका लहान, की त्यावर पोट भरू नये आणि माणसाने मासेमारीला किंवा मजुरीला जावंच. रस्ते बांधले गेले, पूल झाले, हेल्म्सडेलचं बंदर झालं, ब्रोराची कोळशाची खाण पुन्हा चालू झाली. जेम्स लॉक हा त्यांचा मुख्य कारभारी होता. मालकाने इस्टेटीतून मिळाले त्याहून जास्त पैसे इस्टेटीत घातले, असं तो अभिमानाने सांगायचा. हे खोटं मानायचं कारण नाही.

आता हीच सुधारणा जिच्या घरावर आली तिच्या बाजूने बघा. स्ट्रॅथनेव्हरच्या खोऱ्यात झाडं फार कमी. घराच्या भिंती दगडमातीच्या, त्या कोणालाही पुन्हा रचता येतात. छपराचं लाकूड मात्र दुर्मीळ. दलदलीतून उकरून काढलेल्या जुन्या फरच्या तुळया आणि वासे बापाकडून मुलाकडे यायचे, घर बदललं तरी लोक ते बरोबर न्यायचे. हुसकावून लावायला आलेली माणसं नेमकी या लाकडांना आग लावत, कारण छप्पर गेलं की माणूस परत येऊन वस्ती करू शकत नाही. १८१४ साली तिथे हे काम पॅट्रिक सेलर या फॅक्टरने, म्हणजे इस्टेटीच्या कारभाऱ्याने केलं. रिकाम्या होणाऱ्या जमिनीवर जो मेंढ्यांचा नवा वाडा उभा राहणार होता, त्याचा भाडेकरू स्वतः सेलरच होता. एका जराजर्जर म्हातारीच्या मृत्यूचा आरोप त्याच्यावर आला. तिला जळत्या घरातून बाहेर काढावं लागलं होतं आणि पाच-सहा दिवसांत ती गेली. १८१६ मध्ये इनव्हर्नेसला खटला चालला आणि सेलर निर्दोष सुटला. पंच बहुतेक जमीनवालेच होते. पुढे १८१९ मध्ये त्याच खोऱ्यात याहून मोठी मोहीम झाली. डोनाल्ड मॅक्लाउड नावाच्या गवंड्याने रात्री अकराच्या सुमाराला एका उंचवट्यावर चढून जळणारी घरं मोजली, ती २५० भरली, असं त्याने पुढे लिहून ठेवलं.

१८१९ हे साल मराठी वाचकाच्या ओळखीचं आहे. पेशवाई बुडून वर्षच झालं होतं आणि माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहीत होता. हा माणूसही स्कॉटिश सरदारघराण्यातला, अकराव्या लॉर्ड एल्फिन्स्टनचा चौथा मुलगा. तिथल्या रिवाजाप्रमाणे जमीन आणि किताब थोरल्याकडे जाणार, धाकट्यांनी फौज, धर्मपीठ किंवा कंपनीची नोकरी धरायची. म्हणून तो कोवळ्या वयात हिंदुस्थानात आला. दख्खनच्या अहवालात त्याने स्पष्ट लिहिलं की इथल्या रयतेतला मोठा भाग, म्हणजे मिरासदार, आपल्या जमिनीचा धनी आहे. सरकारला ठरलेला धारा द्यायचा, एवढंच त्याच्यावर बंधन. त्याची जमीन वंशपरंपरेने चालते आणि ती विकताही येते. एल्फिन्स्टनचं घराणं सखल भागातलं, सदरलँडच्या प्रकाराशी त्याचा काही संबंध नव्हता. तरी ही गोष्ट विसरता येत नाही. पुण्या-साताऱ्याच्या कुणब्याचा मिराशी हक्क एक स्कॉटिश माणूस कागदावर नोंदवत होता, आणि त्याच वर्षी स्कॉटलंडच्या उत्तरेला तितक्याच पिढ्या जमीन कसलेल्या कुटुंबाकडे हक्क म्हणून दाखवायला काहीच नव्हतं. पुढे आपल्या मिरासदारांची काय गत झाली, सावकारी आणि शेतसाऱ्याने त्यांना कसं खाल्लं, तो वेगळा इतिहास आहे. कागदावरच्या हक्काने सगळं वाचत नाही. पण हक्कच नसेल तर भांडायला सुरुवातही करता येत नाही.

डोंगराळ भागातल्या गेलिक बोलणाऱ्या लोकांची समजूत अशी होती की जमीन कुळीची, म्हणजे एका वंशाच्या सगळ्या लोकांची आहे, सरदार तिचा राखणदार. त्याने लढाईला हाक मारली की आपण जायचं, त्याने आपल्याला जमिनीवर सांभाळायचं. कायद्याच्या दप्तरात मात्र सनद सरदाराच्या एकट्याच्या नावावर होती. लढाया होत होत्या तोवर ही तफावत कोणाला जाणवली नाही, कारण सरदाराला माणसं हवी होती. पुढे माणसांपेक्षा लोकर महाग झाली आणि सनदेतल्या ओळी जिवंत झाल्या. सदरलँडशेजारच्या मॅके कुळीचं याहून वाईट झालं. त्यांचा प्रमुख, सातवा लॉर्ड रे, १८२९ साली सगळा मुलूखच सदरलँड घराण्याला विकून मोकळा झाला. किंमत तीन लाख पौंड. ज्यांच्या नावाने शतकानुशतकं तो मुलूख ओळखला जात होता, त्या मॅके लोकांचा मालक एका व्यवहारात बदलला.

या घराण्याचा अकरावा लॉर्ड रे आपल्या परिचयाचा आहे. डोनाल्ड जेम्स मॅके हॉलंडमधल्या हेग शहरात जन्मला, पुढे ब्रिटिश नागरिक झाला आणि १८८५ ते १८९० मुंबईचा गव्हर्नर होता. हार्बर लाइनवरचं रे रोड स्टेशन त्याच्या नावाचं. पुण्याची मंडई आधी रे मार्केट होती, आज ती महात्मा फुले मंडई आहे. त्या मंडईवर एवढा खर्च करण्याला पुणे नगरपालिकेत ज्यांनी विरोध केला होता, त्यांचंच नाव शेवटी तिला मिळालं. लॉर्ड रे विद्वान होता, ब्रिटिश अकादमीचा पहिला अध्यक्ष झाला. ज्या भूमीवरून त्याचा किताब आला, तिथली जमीन मात्र त्याच्या जन्माच्या दहा वर्षं आधीच विकली गेली होती. वंशपरंपरागत मालक पिढ्यांचा विचार करतो, जमिनीशी त्याची नाळ जुळलेली असते, म्हणून ती त्याच्याकडे सुरक्षित, हा युक्तिवाद आजही मोठ्या इस्टेटींच्या बाजूने केला जातो. तो करणाऱ्यांना मी मॅके मुलखाचा फेरफार वाचायला सांगेन. कुळीच्या प्रमुखाने ती सदरलँडला विकली, सदरलँडने पुढे तुकड्यातुकड्याने विकली, त्यातला मोठा भाग विसाव्या शतकात इंग्लंडच्या ग्रोव्हनर घराण्याकडे, म्हणजे ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टरकडे गेला. नाळ कोणाची टिकली? मॅके आडनावाची माणसं अजून त्या किनाऱ्यावर राहतात.

सदरलँड घराण्याच्या चांगुलपणावर वाद त्यांच्या हयातीतच सुरू झाला होता. दुसऱ्या ड्यूकची पत्नी हॅरिएट हिच्या लंडनच्या घरी गुलामगिरीविरुद्ध अमेरिकेतल्या स्त्रियांना उद्देशून आवाहन तयार झालं. त्यावर १८५३ मध्ये कार्ल मार्क्सने न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात लिहिलं की ज्या घराण्याने आपल्याच माणसांना देशोधडीला लावलं, त्याने गुलामगिरीवर बोलू नये. पुढच्या वर्षी ‘अंकल टॉम्स केबिन’ या गुलामगिरीविरोधी कादंबरीची अमेरिकन लेखिका हॅरिएट बीचर स्टो हिने या घराण्याची बाजू घेतली. माझ्या मते दोघंही एकाच ठिकाणी अडकले. गुलामगिरीविरुद्ध उभं राहणं योग्यच होतं, आणि १८४६ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात दुसऱ्या ड्यूकने लोकांसाठी पैसा ओतला हेही खरं आहे. पण ज्याच्या एका सहीने गाव जगतं, त्याच्याच एका सहीने ते उठतंही. उपकार आणि बेदखली दोन्ही एकाच अधिकारातून येतात. कुळाला या दोन्हींपासून स्वातंत्र्य हवं असतं.

हा अधिकार थोडा तरी आवळला गेला तो १८८६ साली, आणि तो सरदारांच्या मनपरिवर्तनाने नव्हे. १८८२ मध्ये स्काय बेटावरच्या ब्रेज इथे कुळांनी पोलिसांशी हातघाईची लढाई केली. मग सरकारने चौकशी आयोग नेमला. अध्यक्ष होता दहावा लॉर्ड नेपिअर, मद्रासचा माजी गव्हर्नर, म्हणजे पुन्हा एक स्कॉटिश सरदार. १८८३च्या मे महिन्यात आयोगाची पहिली बैठक ब्रेजलाच भरली आणि पहिल्याच साक्षीदाराने सांगितलं, खरं बोललो म्हणून मला जमिनीवरून काढणार नाही याची आधी हमी द्या, मग बोलतो. मालक चांगला की वाईट याची तपासणी या एका वाक्यापाशी संपायला हवी होती. नेपिअरने मात्र सभ्यपणे सगळं ऐकून घेतलं, गावोगावी हिंडून हजारो पानांची साक्ष नोंदवली. त्याच वर्षी पुण्यात जोतीराव फुले शेतकऱ्याची कैफियत लिहून काढत होते. दोन्हीकडे तेच: कसणारा बोलायला लागला की राज्यकर्त्यांना पहिल्यांदा कळतं की तो आहे.

१८८६च्या कायद्याने छोट्या कुळांना, म्हणजे क्रॉफ्टरांना, जमिनीवरून न हटवण्याची शाश्वती मिळाली, वाजवी खंड ठरला, वारसाहक्क आला. सरदारांपैकी आठवा ड्यूक ऑफ अरगाइल अशा कायद्यांचा कट्टर विरोधक होता. तो १८६८ ते १८७४ भारतमंत्री होता, आणि आयर्लंडच्या कुळांना संरक्षण देणारा कायदा आला तेव्हा १८८१ साली त्याने पंतप्रधान ग्लॅडस्टनचं मंत्रिमंडळ सोडलं. तत्त्वाला जागणारा माणूस. पण त्याच्या मालकीच्या टायरी बेटावर १८८६ मध्ये कुळांना आवरायला नौसैनिक उतरवावे लागले.

जी गोष्ट मला आजही सर्वांत अन्यायाची वाटते ती वारसाहक्काची आहे. स्कॉटलंडमध्ये आईबापांच्या मालमत्तेवर मुलांचा हक्क कायद्याने मान्य आहे, मृत्युपत्रात काहीही लिहिलेलं असलं तरी. पण तो फक्त जंगम मालमत्तेवर. जमीन आणि घर त्यातून वगळलेलं आहे. त्यामुळे मृत्युपत्र करून अख्खी इस्टेट एकाच वारसाला देता येते, आणि थोरल्याला देण्याची चाल चालू राहते. फ्रान्समध्ये क्रांतीनंतर वाटणीचा कायदा आला आणि दोन पिढ्यांत जमीन विभागली गेली. स्कॉटलंडमध्ये जुनी सरंजामी भूधारणा २००४ साली विधिवत संपली, लॉर्ड्सच्या सभागृहातून बहुतेक वंशपरंपरागत सरदार १९९९ मध्येच बाहेर पडले होते, तरी एकर तसेच राहिले, कारण वारशाच्या या कलमाला कोणी हात लावला नाही. किताबाला मी फारसं महत्त्व देत नाही. नावामागे काय लावायचं ते त्यांनी लावावं. जमीन वेगळी गोष्ट आहे, कारण ती कोणाकडे आहे यावर दुसऱ्याच्या मुलाला गावात घर मिळणार की नाही हे ठरतं.

लोकांनी जमीन घेतली तर काय होतं, हे आता तिथे दिसतं. १९९३ मध्ये असिंटच्या क्रॉफ्टरांनी, सदरलँड परगण्यातच, २१ हजार एकरांची नॉर्थ लोकिन्व्हर इस्टेट तीन लाख पौंडांना विकत घेतली. आधीचा मालक एक परदेशी कंपनी होती, ती बुडाली आणि जमीन लिलावाच्या वाटेवर होती. १९९७ मध्ये एग बेट रहिवाशांच्या ट्रस्टकडे आलं. तोवर तिथे घराघरांत डिझेलचे जनरेटर होते. २००८ साली बेटाने वारा, पाणी आणि सूर्य यांवरची स्वतःची वीज सुरू केली. कमी होत आलेली लोकसंख्या वाढली. दक्षिणेकडे लँगम गावाने ड्यूक ऑफ बक्लूकडून २०२१ आणि २०२२ मध्ये मिळून दहा हजारांहून जास्त एकर माळरान घेऊन तिथे निसर्गराखीव क्षेत्र केलं. ड्यूकने विकायची तयारी दाखवली, मुदत वाढवून दिली, हे त्याच्या पदरात टाकायलाच हवं. पण त्या छोट्या गावाला साठ लाख पौंड गोळा करावे लागले, तेही मालकाने विकायचं ठरवलं म्हणून.

आता नवे मालक आले आहेत. डेन्मार्कचे कापड-उद्योजक अँडर्स होल्क पोव्हल्सन यांच्याकडे स्कॉटलंडमध्ये दोन लाखांहून जास्त एकर आहेत. त्यांना तिथली जंगलं परत आणायची आहेत, आणि उजाड झालेल्या दऱ्यांत झाडं खरंच उगवत आहेत. मला ते काम आवडतं. तरीही मेंढ्यांच्या काळातली रचना आणि ही रचना एकच आहे: दूरवरच्या एका माणसाला या दरीचं काय व्हावं याचं स्वप्न पडतं आणि त्याच्याकडे ते विकत घेण्याएवढा पैसा असतो. या वेळी स्वप्न चांगलं आहे. पुढच्या वारसाचं कसं असेल, किंवा झाडांनी शोषलेल्या कार्बनचं श्रेय जिथे विकलं जातं त्या बाजारात भाव पडला तर काय होईल, हे त्या दरीत राहणाऱ्याने कोणाला विचारायचं? लोकांना व्यवहार जमत नाहीत, पैसा नसतो, भांडणं होतात, असा आक्षेप घेतला जातो. भांडणं होतात हे खरं आहे. पण गावच्या ट्रस्टचा कारभारी नालायक निघाला तर त्याला मत देऊन काढता येतं. ड्यूकला काढायची सोय कोणत्याही कायद्यात नाही.

आपल्याकडे हा प्रश्न स्वभावावर सोडला गेला नाही, याचा मला अभिमान आहे. १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं, तेव्हा चांगले खोत शोधून त्यांना वगळा असं म्हटलं नाही. १९४८ मध्ये कूळकायदा आला, १९४९च्या कायद्याने खोती गेली, १ एप्रिल १९५७ला कसणारा कूळ मालक मानला गेला, १९६१ मध्ये कमाल जमीनधारणेची मर्यादा आली. त्या मर्यादेला किती भोकं पाडली गेली, बेनामी नावांवर किती एकर लपवले गेले आणि भूमिहीनांच्या वाट्याला किती थोडं आलं, हे ग्रामीण महाराष्ट्रात राहणारा प्रत्येक जण जाणतो. तरी एका माणसाकडे किती जमीन असावी हे समाजाने ठरवायचं, एवढं तत्त्व इथे कायद्यात बसलं.

स्कॉटलंडमध्ये ते अजून बसलेलं नाही. २०२५ मध्ये तिथल्या संसदेने नवा जमीनसुधारणा कायदा मंजूर केला. मोठ्या इस्टेटींना व्यवस्थापनाचा आराखडा जाहीर करावा लागेल, विक्रीची आगाऊ सूचना द्यावी लागेल, आणि एक हजार हेक्टरांहून मोठी जमीन विकताना ती तुकड्यांत विकायला सरकार भाग पाडू शकेल. ही पावलं चांगली आहेत. पण घेणाऱ्याकडे आधीच किती जमीन आहे आणि त्याने आणखी घेणं सार्वजनिक हिताचं आहे का, ही तपासणी कायद्यात आली नाही. सरकारच्याच भूमी आयोगाने २०१९ मध्ये ती सुचवली होती. वारसाला तर विक्रीही करावी लागत नाही, त्यामुळे एका थोरल्याकडून दुसऱ्या थोरल्याकडे जाणारी इस्टेट या तुकड्यांच्या तरतुदीत सापडतच नाही. एडिंबरोतल्या लोकप्रतिनिधींनी पुढच्या वेळी सुरुवात तिथून करावी: जमिनीवर सगळ्या मुलांचा कायदेशीर वाटा, आणि ठरावीक एकरांपुढे जाणाऱ्या प्रत्येक हस्तांतराला, मग ते विक्रीने असो वा वारशाने, तिथे राहणाऱ्या लोकांची संमती.